ताप उतरल्यावर मुलगा का खालावला? टी पेशी आणि विषाणू यांच्याबद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरात मानेवाड्यात राहता. सप्टेंबरात तुमच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. चार दिवस सणसणून ताप होता, पाचव्या दिवशी तो उतरला आणि घरातले सगळे निश्चिंत झाले. त्याच संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि भरती करावं लागलं. आता तो ठणठणीत आहे. वॉर्डात कोणीतरी तुम्हाला सांगितलं की हे सगळं ‘टी सेल्समुळे’ झालं. तेव्हापासून तुम्ही विचारत आहात: या टी पेशी करतात तरी काय? मुलाच्या टी पेशी कमजोर होत्या का? त्या वाढवायला काय द्यावं? आणि पुन्हा डेंग्यू झाला तर काय?

मी फिजिशियन आहे, आणि पावसाळा ओसरताना नागपुरात तापाचे रुग्ण बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तुमच्या मनाला लागून राहिलेलं दिसतं. नाही, त्याच्या टी पेशी कमजोर नव्हत्या. पाचव्या दिवशी त्याच्या रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होत होता. तो जो खालावला, तो विषाणू वाढल्यामुळे नाही. विषाणूला हाकलण्यासाठी शरीराने जी खटपट मांडली होती, तिचा भार त्याच्या रक्तवाहिन्यांवर पडला. त्या खटपटीत टी पेशींचा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकाराचा, वाटा मोठा असतो, पण त्या एकट्या नसतात. हे नीट समजायला मुळापासून सुरुवात करावी लागेल.

विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो आपल्या पेशीच्या आत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती तयार करून घेतो. प्रतिपिंडं, म्हणजे रिपोर्टमध्ये आयजीएम, आयजीजी म्हणून लिहिलेल्या अँटिबॉडीज, पेशीच्या बाहेर, रक्तात आणि श्लेष्मल आवरणावर काम करतात. बाहेर हिंडणाऱ्या विषाणूला त्या चिकटतात आणि त्याला आत शिरू देत नाहीत. पण एकदा तो आत शिरला की त्या पेशीपुरतं प्रतिपिंडांचं काम जवळपास संपतं. बाहेरून बघितलं तर ती पेशी शेजारच्या निरोगी पेशीसारखीच दिसते. तिच्या पोटात काय चाललंय हे कळायला वेगळी सोय लागते, आणि टी पेशींचं सगळं काम त्या सोयीवर उभं आहे.

ती सोय अशी. कळमना मार्केटमध्ये धान्याचं पोतं न उघडता त्यात टोकदार नळी खुपसतात, मूठभर दाणे बाहेर काढतात आणि त्यावरून आतला माल पारखतात. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी असा नमुना आपणहून बाहेर मांडते. आत जी प्रथिनं बनतात त्यांतली काही सतत तुकडे करून मोडली जातात. त्यातले आठ ते दहा अमिनो आम्लांचे छोटे तुकडे एका खास रेणूच्या खोबणीत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर आणले जातात. या रेणूंना माणसात एचएलए म्हणतात. निरोगी पेशीच्या खोबण्यांमध्ये फक्त आपल्याच प्रथिनांचे तुकडे असतात. विषाणू आत काम करत असेल तर त्याचेही तुकडे त्यात येतात. टी पेशी पृष्ठभागावरून चाचपडत जाते आणि असा परका तुकडा शोधते. अख्खा विषाणू तिला दिसतच नाही.

हे कसं कळलं, ती हकीकत सांगायलाच हवी. १९७४ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल हे दोघे उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. त्यांना असं दिसलं की, एका जातीच्या उंदराच्या मारक टी पेशी त्याच जातीच्या उंदराच्या संसर्ग झालेल्या पेशी मारतात, पण दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशींना हात लावत नाहीत. विषाणू तोच होता, टी पेशीही त्याच होत्या. म्हणजे नुसता विषाणू ओळखणं पुरेसं नव्हतं, तो ‘आपल्या’ खोबणीत दिसावा लागत होता. या एका निरीक्षणासाठी त्यांना १९९६ साली नोबेल मिळालं. माणसांमध्ये या खोबण्यांचे हजारो प्रकार आहेत आणि आई-वडिलांकडून आलेला आपला संच बहुतेक वेळा शेजाऱ्यापेक्षा वेगळा असतो. एकाच घरात एकाच डासाने चावा घेतला तरी एकाला साधा ताप येतो आणि दुसरा आयसीयूत जातो, त्याची कारणं अनेक असतात. त्यांत हे एक आहे.

टी पेशी हाडांच्या मगजात जन्मतात, पण शिकतात छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत. थायमस हा निरुपयोगी अवयव आहे असं फार काळ मानलं जात होतं. जॅक मिलर यांनी १९६१ साली नवजात उंदरांमधून तो काढून बघितला तेव्हा ते उंदीर संसर्गांनी मरू लागले आणि त्याचं महत्त्व कळलं. इथे प्रत्येक कोवळी पेशी आपल्या जनुकांचे तुकडे जवळपास यदृच्छेने जोडून स्वतःचा एक ग्राहक रेणू (रिसेप्टर), म्हणजे परका तुकडा ओळखणारा रेणू, बनवते. विषाणू समोर आल्यावर त्याच्यासाठी खास पेशी घडवली जात नाही. आधीच असंख्य प्रकारच्या पेशी तयार ठेवलेल्या असतात आणि त्यातली एखादी जुळते. यदृच्छेने बनलेले यातले कित्येक ग्राहक साहजिकच निरुपयोगी असतात आणि काही तर आपल्याच अवयवांवर उलटणारे असतात. म्हणून थायमसमध्ये कडक निवड होते आणि ९५ टक्क्यांहून जास्त पेशी तिथेच मरतात. शरीर इतका खर्च सोसतं तो कशासाठी, हे पुढे डेंग्यूकडे आलो की लक्षात येईल.

या पद्धतीची एक किंमत आहे: उशीर. एखाद्या विशिष्ट विषाणूच्या विशिष्ट तुकड्याशी जुळणारी कोरी, म्हणजे अजून विषाणूशी गाठ न पडलेली टी पेशी साधारण लाखात ते दहा लाखांत एक अशा प्रमाणात असते. ती आणि तो तुकडा यांची गाठ पडायची कशी? त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात डेंड्रिटिक पेशी पसरलेल्या असतात. त्या संसर्गाच्या जागी विषाणूचे अवशेष उचलतात आणि जवळच्या लसिका गाठीत जाऊन थांबतात. टी पेशी रक्तातून या गाठींत सतत ये-जा करत असतात. जुळणारी पेशी भेटली की ती तिथे काही तास थबकते, तिची खात्री पटते आणि मग ती विभागायला लागते. पहिल्या विभागणीला जवळपास एक दिवस लागतो. त्यानंतर दर सहा-आठ तासांनी दुप्पट. आठवड्याभरात एका पेशीच्या हजारो होतात. घसा धरला की गळ्याला दोन्ही बाजूंनी गाठी लागतात, त्या गाठींत हेच काम चाललेलं असतं.

तोवरचे दिवस दुसरी यंत्रणा सांभाळते. इंटरफेरॉन नावाची प्रथिनं शेजारच्या पेशींना सावध करतात आणि विषाणूची वाढ मंदावतात. सुरुवातीचा ताप, अंगदुखी, डोळ्यांमागचा ठणका हा बराचसा याच यंत्रणेचा परिणाम. म्हणून जवळपास प्रत्येक विषाणूजन्य ताप पहिले दोन दिवस सारखाच दिसतो. पहिल्या दिवशी ‘नक्की कोणता ताप आहे ते सांगा’ असा आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना मी नेहमी हेच समजावतो.

गाठीतून बाहेर पडलेल्या टी पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. सीडी ८ या मारक पेशी. संसर्ग झालेल्या पेशीला चिकटून त्या परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला छिद्र पाडतात आणि त्यातून ग्रँझाइम आत सोडतात. त्याने ती पेशी स्वतःहून, आवरून, तुकडे होऊन मरते. शेजारच्या निरोगी पेशीला धक्का लागू नये म्हणून हा मारा फक्त चिकटलेल्या जागेतच होतो. मारण्याखेरीज त्या गॅमा इंटरफेरॉनही सोडतात, आणि त्यामुळे काही वेळा पेशी न मरताच आतला विषाणू नाहीसा होतो.

दुसऱ्या सीडी ४, म्हणजे मदतनीस. त्या स्वतः फारसं मारत नाहीत, पण त्यांच्यावाचून बाकीचं अडतं. बी पेशींनी चांगल्या प्रतीची, टिकाऊ प्रतिपिंडं बनवायची तर सीडी ४ ची साथ लागते. सीडी ८ च्या स्मृती टिकायलाही ती लागते. याचा पुरावा बघायला दूर जायला नको. एचआयव्ही नेमक्या सीडी ४ पेशींतच घर करतो. निरोगी प्रौढात या पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की निरोगी माणसाला कधीच न होणारे संसर्ग सुरू होतात. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, जो ‘सीडी ४ काउंट’ करतात तो हाच. पेशींचा हा एक प्रकार गेला की बाकी सगळं शाबूत असूनही माणूस कसा उघडा पडतो, हे ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी पाहिलं ते विसरू शकत नाहीत. आज औषधांनी हे टाळता येतं, आणि २०१७ पासून तर सीडी ४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करण्याचं भारताचं धोरण आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी ते घ्यावेत, लाजेपोटी घरी बसू नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा गाभा. आजाराची जी लक्षणं आपल्याला विषाणूची वाटतात, त्यातली कित्येक प्रत्यक्षात टी पेशींच्या कामाची खूण असतात. हे एकदा पटलं की पाचव्या दिवसाचा उलगडा होतो. तीन आजार बघू.

गोवर. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतं, आधी दोन-चार दिवस ताप असतो. ते पुरळ म्हणजे त्वचेतल्या संसर्ग झालेल्या पेशींपाशी टी पेशी पोहोचल्याची खूण. आपल्या आज्या म्हणायच्या, ‘गोवर अंगावर यायला हवा, आत राहिला तर वाईट.’ निरीक्षण म्हणून ते अगदी खरं होतं. रक्ताच्या कर्करोगाने टी पेशी दुबळ्या झालेल्या मुलांना गोवर झाला तर कधीकधी पुरळ उठतच नाही आणि विषाणू फुप्फुसात जाऊन जीवघेणा न्यूमोनिया करतो. याउलट जन्मतः प्रतिपिंडं बनवताच न येणारी मुलं गोवरातून बहुधा नेहमीसारखी बरी होतात. गोवराची एक वाईट बाजू अशी की हा विषाणू स्मृतिपेशींनाच, म्हणजे जुने संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशींनाच, गाठतो. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०८ सालीच नोंदवलं होतं की क्षयाची त्वचाचाचणी गोवराच्या दिवसांत खोटीच नकारात्मक येते. मुलाला गोवर होऊन गेला की पुढे बरेच महिने इतर संसर्गांचा धोका वाढलेला राहतो तो यामुळे. एमआर (गोवर-रुबेला) लसीचे दोन्ही डोस चुकवू नका असं मी हात जोडून सांगतो, त्यामागे हेही कारण आहे.

दुसरा, हिपॅटायटिस बी. हा विषाणू यकृताच्या पेशींना स्वतः जवळजवळ इजा करत नाही. संसर्गानंतर कित्येक आठवडे तो यकृतात प्रचंड संख्येने असतो आणि माणूस मजेत हिंडत असतो. डोळे पिवळे होतात, यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एसजीपीटी हजारांत जातं, ते टी पेशी यकृतात उतरल्यावर. चिंपांझींवरच्या एका प्रयोगात सीडी ८ पेशी औषधाने काढून टाकल्या तेव्हा कावीळही झाली नाही आणि विषाणूही गेला नाही. त्या पेशी परतल्या तेव्हाच यकृताला सूज आली आणि विषाणू हटला. प्रौढपणी संसर्ग झाला तर ९५ टक्क्यांहून जास्त लोक, काही अशी एक कावीळ सोसून तर काही कावीळ न होताच, मोकळे होतात. जन्मताना आईकडून संसर्ग झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो आयुष्यभर राहतो, कारण त्यांच्या टी पेशी या विषाणूविरुद्ध नेटाने उभ्याच राहत नाहीत. त्या बाळाला कावीळ होत नाही म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि चाळिशीत सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग समोर येतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस दिली जाते, ती एवढ्यासाठी. ‘इतक्या तान्ह्या लेकराला सुई कशाला’ असं म्हणून ती टाळणाऱ्यांशी मी वाद घालतो आणि घालत राहीन.

आणि तिसरा, डेंग्यू. आपल्याकडे हा आजार उन्हाळ्यातच पाय रोवतो, घरोघरच्या कूलरच्या टाकीत. पावसाळ्यात कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी तसंच राहतं, आणि ऑगस्टपासून वॉर्ड भरू लागतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून मात्र थोडेच महिने. पुढे दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते.

तुम्ही लिहिता की मुलाला डेंग्यू पहिल्यांदाच झाला. पण त्याच्या रिपोर्टमध्ये पाचव्या दिवशीच आयजीजी जोरदार पॉझिटिव्ह आहे. पहिल्याच संसर्गात आयजीजी इतक्या लवकर वर येत नाही. त्याला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला असणार, बहुधा कोणाच्या लक्षातही न येता. यात नवल नाही. बहुसंख्य डेंग्यू संसर्ग लक्षणांशिवाय किंवा साध्या तापावर निभावतात. २०१७-१८ मध्ये देशातल्या १५ राज्यांत ५ ते ४५ वयोगटाची रक्ततपासणी केली गेली तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांत डेंग्यूची जुनी प्रतिपिंडं सापडली होती.

दुसऱ्या वेळी दोन गोष्टी घडतात. जुनी प्रतिपिंडं नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतकी घट्ट बसत नाहीत. उलट ती विषाणूसकट काही पांढऱ्या पेशींत ओढली जातात आणि विषाणूला आत जायची आयती वाट मिळते. दुसरी गोष्ट टी पेशींची. पहिल्या संसर्गाच्या स्मृतिपेशी संख्येने जास्त आणि तयार असतात, त्यामुळे त्याच आधी धावतात. नव्या प्रकाराचा तुकडा जुन्यासारखाच, पण एखाद्या अमिनो आम्लाने वेगळा असतो. ही अर्धवट जुळणी झाली की त्या पेशी मारण्यात कमी पडतात आणि सूज आणणारी रसायनं मात्र भरपूर सोडतात. या सगळ्याच्या परिणामी रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल होतं आणि रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपतं. त्यात विषाणूने सोडलेलं एनएस १ हे प्रथिनही भर घालतं. पहिल्या दिवसांत डेंग्यूसाठी जी तपासणी करतात ती याच प्रथिनाची.

टी पेशींना इथे एकतर्फी दोषी ठरवणं मला मान्य नाही. व्हिएतनाममधल्या मुलांच्या एका अभ्यासात त्यांची लाट गळती सुरू झाल्यानंतर वर आलेली दिसली. श्रीलंकेतल्या रक्तदात्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या एचएलए प्रकारांमध्ये सीडी ८ चा प्रतिसाद जोमदार, त्यांच्यात गंभीर डेंग्यू कमी, असं त्यात दिसलं. म्हणजे जोरदार आणि अचूक टी पेशी वाचवतात. नीट न जुळलेल्या, अर्ध्यामुर्ध्या टी पेशी घातक ठरू शकतात. वॉर्डात तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक नव्हतं, अपुरं होतं.

डेंग्यूत ही गळती आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा ताप उतरतानाच सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. ‘डॉक्टरसाहेब, ताप तं उतरला ना, मंग सलाईन कायले?’ हा प्रश्न मला दर हंगामात विचारला जातो. उत्तर हेच, की ताप विषाणूबरोबर गेला, गळती आत्ता सुरू होतेय. त्या दोन दिवसांत सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेलं असतं. त्याहून महत्त्वाचा आकडा त्याच सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत असतो, पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट नावाचा; रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते तो सांगतो. तो चढत असेल तर रक्त घट्ट होतंय, पाणी बाहेर जातंय. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, गळून जाणं किंवा अस्वस्थ बडबड, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. तुम्ही त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन गेलात, तेच योग्य केलं.

मग ‘टी पेशी वाढवायला काय द्यावं’? काही नाही, ताई. मनापासून सांगतो, काहीच नाही. शरीराला इथे संख्या वाढवण्यापेक्षा वेळेवर थांबवण्याची चिंता जास्त असते. विषाणू गेला की वाढलेल्या टी पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त काही आठवड्यांत आपोआप मरतात. नियामक टी पेशी नावाचा एक वेगळा गट बाकीच्यांना आवरतो. तो शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवला आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. शिवाय प्रत्येक टी पेशीवर पीडी १ सारखे लगाम असतात. संसर्ग महिनोन्महिने रेंगाळला, जसा हिपॅटायटिस बी किंवा सी मध्ये रेंगाळतो, तर हेच लगाम आवळले जातात आणि टी पेशी थकल्यासारख्या निष्क्रिय होतात. अशा बारीक तोलाच्या यंत्रणेला कसला काढा ‘बूस्ट’ करणार? कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. त्यातल्या काहींचं चित्र शरीर आपल्याच यकृतावर उलटल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. माझा सल्ला सरळ आहे: बऱ्या झालेल्या मुलाला गुळवेल, पपईच्या पानांचा रस, बूस्टरच्या गोळ्या यातलं काही देऊ नका. वरण-भात, भाजी, फळं, पुरेशी झोप. संत्री त्याला आवडत असतील तर आवडतात म्हणून द्या.

स्टेरॉइडबद्दलही याच ओघात. ते टी पेशींना दाबतं, म्हणून कधी टी पेशी नुकसान करत असताना उपयोगी पडतं. २०२० च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीत ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने घटले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. औषध तेच, आजार तोच, वेळ वेगळी. दुसऱ्या लाटेत पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून घरीच स्टेरॉइड सुरू केलेले, साखर बेसुमार वाढलेले आणि मग म्युकरमायकोसिसने डोळा किंवा जबडा गमावलेले रुग्ण या शहराने पाहिले आहेत. डेंग्यूत तर स्टेरॉइडचा फायदा सिद्धच झालेला नाही. तापाच्या पहिल्या दिवशी कोणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ देऊ लागलं तर त्यात काय आहे ते विचारा.

तुम्ही ओझरतं आणखी एक विचारलंय, सासूबाईंच्या नागिणीबद्दल. ती याच विषयातली गोष्ट आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू चेतातंतूंच्या गाठींत आयुष्यभर लपून राहतो आणि टी पेशी त्याला तिथे दाबून ठेवतात. साठीनंतर ही पकड सैल होते आणि तो एका नसेच्या पट्ट्यात उठतो. अशा लोकांच्या रक्तात कांजिण्यांची प्रतिपिंडं चांगली असतात, तरी नागीण होतेच. कमी पडतात त्या टी पेशी. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर उत्तम, म्हणून मंत्र-तंत्रात किंवा लेप लावण्यात ते दिवस घालवू नका. पन्नाशीनंतर घेण्याची दोन डोसची लस आता भारतात मिळते. महाग आहे, पण सासूबाईंना मधुमेह असल्याचं तुम्ही लिहिलंय. नागीण बरी झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोला.

मुलाच्या टी पेशी तपासता येतील का? नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये डेंग्यूच्या टी पेशी मोजण्याची सोय नसते, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. टी पेशींची स्मृती बघणारी एकच चाचणी सगळ्यांच्या ओळखीची आहे, क्षयासाठी हातावर करतात ती मंटू. तिथे दोन-तीन दिवसांनी जो फुगवटा येतो तो टी पेशी जमल्याचा. प्रतिपिंडांचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ झाला म्हणजे संरक्षण संपलं असंही समजू नका. २००३ मध्ये सार्स होऊन बरे झालेल्या लोकांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी १७ वर्षांनीही सापडल्या आहेत. काही स्मृतिपेशी तर रक्तात येतच नाहीत, फुप्फुसात, त्वचेत, आतड्यात मुक्काम ठोकून असतात.

राहिला शेवटचा प्रश्न, पुन्हा डेंग्यू झाला तर. तुमच्या मुलाच्या बाबतीत बातमी त्यातल्या त्यात चांगली आहे. त्याचे बहुधा दोन प्रकार होऊन गेले आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या संसर्गात गंभीर आजार फार क्वचित दिसतो, कारण एव्हाना प्रतिपिंडं आणि टी पेशी दोन्ही अनेक प्रकारांना ओळखू लागतात. काळजी घ्यायची ती धाकट्या मुलीची, जिला अजून एकदाही डेंग्यू झाल्याचं ठाऊक नाही.

लसीबद्दल म्हणाल तर थोडं थांबावं लागेल. पहिली डेंग्यू लस ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता अशा मुलांमध्ये पुढचा आजार गंभीर करू शकते असं दिसलं आणि फिलिपिन्सने २०१७ साली तिचा कार्यक्रम थांबवला. तिच्यात डेंग्यूची बाहेरची प्रथिनं पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) विषाणूच्या सांगाड्यावर बसवलेली होती. डेंग्यूविरुद्धच्या सीडी ८ पेशी ज्या आतल्या प्रथिनांवर मुख्यतः नेम धरतात, ती डेंग्यूची प्रथिनं तिच्यात नव्हतीच. अनेक अभ्यासक ही तिची मोठी उणीव मानतात. भारतात आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. दहा हजारांहून जास्त प्रौढ स्वयंसेवक त्यात आहेत, आणि या लसीत डेंग्यूची आतली प्रथिनंही आहेत. तिच्या निकालाकडे माझे डोळे लागले आहेत.

तोवर मुलीसाठी एवढं करा. मार्चमध्ये कूलर काढाल तेव्हा टाकी घासून घ्या, कारण डासाची अंडी कोरड्या टाकीच्या कडेलाही महिनोन्महिने तग धरतात. कूलर चालू असेतोवर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा, आणि पावसाळ्यात ती भरलेली ठेवू नका. तिला ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ती तारीख लिहून ठेवा, लघवी किती वेळा होते त्यावर लक्ष असू द्या, आणि ताप उतरेल त्या दिवशी शाळेत न पाठवता सीबीसी करून घ्या.